घर कसं उठतं

४ डिसेंबर, गुरुवार
केंद्रशाळेत बैठक. जानेवारीत प्रदर्शन आहे, विषय 'जगातली घरं'. प्रत्येक शाळेला एक देश, चिठ्ठ्या टाकून. खाडीपलीकडच्या शाळेला नेपाळ, शेजारच्यांना श्रीलंका. माझ्या हातात मंगोलिया. सगळे हसले. केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, बदलून देऊ का?" नको म्हटलं. का नको म्हटलं ते आत्ता लिहितानाही कळत नाही. मला मंगोलियाचं काय माहीत? थंडी. घोडे. संपलं.

साळवी सरांना सांगितलं. शाळेत शिक्षक दोनच, ते आणि मी, आणि मुख्याध्यापक ते. म्हणाले, "वर्ग तुमचा, देशही तुमचा."

५ डिसेंबर, शुक्रवार
तिसरी-चौथी एकत्र, तेवीस पोरं. नकाशावर उरणवर बोट ठेवून वर वर नेलं. हिमालय ओलांडला, चीन ओलांडला. पहिला प्रश्न अर्थातच जुई घरतचा. "बाई, ह्यांचा समुद्र कुठाय?"
नाही.
"थोडा पन नाय?"
थोडासुद्धा नाही.
मागून कुणीतरी, अगदी कळवळून, "मग ती लोकं खातात काय?"

८ डिसेंबर, सोमवार
शनिवार-रविवार फोनवर वाचत बसले. हे म्हणाले, "भात करपला." करपला होता.

आज सांगितलं: तिथे मेंढपाळांची कुटुंबं वर्षातून तीन-चारदा घर हलवतात. घर म्हणजे गोल तंबू. आत लाकडी जाळी, वर लोकर थापून केलेलं जाड कापड, मध्ये चूल, दार दक्षिणेला. त्याला गेर म्हणतात. जुई लगेच, "गेर म्हणजे घरच की बाई. नुसता उच्चार चुकलाय त्यांचा." सगळे हसले, मी पण. पण तिचं हसून झालं नव्हतं तोवर पुढचा प्रश्न. "उठवायला किती वेळ लागतो? आधी काय काढतात? चूल गरम असली तर?"
माहीत नाही.
भिंतीवर मोठा कागद लावला. वर लिहिलं, 'बाईंना माहीत नाही'. शाळा सुटेपर्यंत चौदा प्रश्न. त्यातले नऊ जुईचे.

११ डिसेंबर, गुरुवार
मीठ घातलेला चहा. तिकडे तसाच पितात, दूध, चहा, मीठ. खिचडी शिजवणाऱ्या नंदाताई आधी नाहीच म्हणाल्या. "बाई, चांगलं दूध हाय, नासवताव कशाला?" शेवटी केला. तेवीस पेले. दोन पोरांनी बागेत ओतला. एकाने तिसऱ्यांदा मागितला, त्याचे आजोबा मिठागरात आहेत. म्हणाला, "आजाला सांगतो, आपला मीठ तिकडं पाठव." जुईने चव घेऊन तोंड वाकडं केलं, सगळा संपवला आणि वहीत लिहिलं, 'वाईट नाही. वेगळा आहे.'
हे वाक्य मी तपासणी करताना दोनदा वाचलं.

१५ डिसेंबर, सोमवार
चूक केली. फळ्यावर लिहिलं, 'भटक्या लोकांना घर नसते.' पुस्तकी वाक्य, हाताने आपोआप लिहिलं. जुई: "बाई, परवा तर गेर सांगितला. मग घर नसते कसं?" पुसलं. फळा तसाच कोरा राहिला. तास संपला.

१७ डिसेंबर, बुधवार
दुपारी रस्ता बंद. ट्रेलरची रांग, हॉर्न. पोरं खिडकीत. मेंढ्या! दोनेकशे तरी. पुढे दोन घोडे, त्यांच्यावर अंथरुणं, भांडी, एक कोंबडी, आणि कोकरांची तोंडं पोत्यातून बाहेर. मागे लाल लुगड्यातली बाई, हातात काठी. घाटावरचे मेंढपाळ. दरवर्षी दिवाळीनंतर खाली येतात, भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवतात, शेताला खत होतं. मी लहानपणापासून बघतेय. आणि गेले बारा दिवस मंगोलिया शोधतेय फोनवर.
जुई माझ्याकडे वळून बघत होती.

१८ डिसेंबर, गुरुवार
पूर्ण वर्ग घेऊन तळावर. शाळेमागच्या शेतात उतरलेत. बांधापाशी पोचलो तर दोन कुत्री अंगावर. आतून बाई ओरडली, "थांबा तितंच! कुत्री धरती!" मला हसू फुटलं. कालच वाचलं होतं, मंगोलियात पाहुणा दारात आला की टकटक करत नाही, लांबून ओरडतो, 'कुत्रं धरा'.

तिचं नाव तानूबाई. पस्तिशीची असेल. नवरा धोंडिबा, आणि मुलगी राणी, जुईएवढीच. तानूबाई आधी बिचकली, तेवीस पोरं बघून कोण बिचकणार नाही. मग जुईने कागद काढला आणि भिंतीवरचे प्रश्न एकेक करून तिलाच विचारायला लागली.
मेंढीने कोकरू घेतलं नाही तर? "पाय धरायचा न् पाजायचं. चार दिस. मग घेती."
(तिकडे मेंढीला गाणं म्हणतात, कोकरू घे म्हणून. हे सांगितल्यावर तानूबाई म्हणाली, "गाऊन घेती व्हय? मग आमी उगाच झटतोय.")
रात्री मेंढ्या पळत नाहीत? तिने जाळं दाखवलं. वाघर. खुंट्यांना बांधून मेंढ्यांभोवती लावतात. पोरं चकित. समुद्र नाही आणि जाळं आहे! जुईने गाठ तपासली. "आमचे घरान मासलीचे जाल्याला पन हीच गाठ मारतात."
मागल्या वर्षी कुठे उतरला होतात? तानूबाईने काठीने दाखवलं. पत्र्याचं कुंपण, आत कंटेनर एकावर एक. "तितं शेत हुतं."

येताना पोरांना म्हणाले, "घर उठतं कसं ते मलाही बघायचंय. कुणी बघितलं तर मला सांगा."
साधं वाक्य.

२२ डिसेंबर, सोमवार
राणी शुक्रवारपासून वर्गात येतेय. आपणहून. सर म्हणाले, "पटावर नाव नको, बसू दे नुसती." मी म्हटलं, नाव घालता येतं, नियम आहे. ते म्हणाले, "आणि पंधरा दिवसांनी गेली की गळती कुणाच्या नावावर?" वाद घातला नाही. घालायला हवा होता.

राणीला अक्षरओळख नाही. पण मधल्या सुट्टीनंतर दारात उभी राहून वर्गाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "दोन येण्यावाली आली न्हाय." खरंच, दोन वेण्या घालणारी ती पोर नळावर होती. मी विचारलं, तू मोजतेस का? "मोजत न्हाय बाई. कोन न्हाय ते दिसतं."
मग पोरांचा खेळच झाला. एकाने लपायचं, राणीने सांगायचं. एकदाही चुकली नाही. मी तेवीस वर्षं हजेरी घेतेय.

२ जानेवारी, शुक्रवार
आज सांगितलं, मंगोलियातली मेंढपाळांची मुलं सहा-सात वर्षांची झाली की बरीचशी गावातल्या वसतिगृहात राहतात. शाळेसाठी. सुट्टीत घरी.
जुई: "आणि घर तवर दुसरीकडं गेलं तर? त्यांना सापडतं कसं?"
मी म्हटलं, कुणीतरी न्यायला येत असेल.
राणीने इतक्या दिवसांत वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. आज म्हणाली, "आन् न्हाय आलं तर?"
कागदावर लिहिलं. एकविसावा प्रश्न.

७ जानेवारी, बुधवार
सकाळी राणी आली नाही. तळ हलणार हे माहीत होतं. खिचडीनंतर हजेरी घेतली तर जुईही नाही. दप्तर जागेवर. नळ, संडास, मागचं मैदान, मारुतीचं देऊळ. शेतात गेले तर शेत रिकामं. सरांना वर्गावर ठेवलं, स्कूटर काढली, जुईच्या आईला घरून उचललं. ती फोन माझ्यासमोर धरून रडत होती. गावाच्या ग्रुपवर फोटो. घोड्यावर अंथरुणांवर बसलेली जुई, चहाच्या टपरीवरून कुणीतरी काढलेला. खाली लिहिलेलं, 'पोरं पळवणारी टोळी. मेंढपाळांच्या वेशात. ही आपल्या गावची पोर. सगळ्यांनी निघा.'

मी पोचायच्या आधी सगळे पोचले होते. मिठागरांच्या बांधाजवळ. आठ-दहा मोटारसायकली. मेंढ्या रस्ताभर पांगलेल्या. धोंडिबाची कॉलर निलेशच्या हातात, ओठ फुटलेला. निलेशला मी पहिलीत हाताला धरून अ गिरवायला शिकवलं. दुसऱ्या एकाच्या हातात स्टंप. तानूबाई राणीला पोटाशी धरून उभी. आणि जुई मधोमध ओरडतेय, घसा बसलेला, "मी आपली आले! मी आपली आले!" कुणी ऐकत नाही. ज्या पोरीसाठी जमले तिचंच नाही.

मी म्हटलं, "निलेश, हात सोड."
"बाई, तुम्ही मधी पडू नका. तुम्हाला म्हाईत नाय ही लोकं."
तानूबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमीच धाडलं ना हिला? बाईंनी घर उठताना बघायला सांगितलंय म्हणली."

सगळे माझ्याकडे वळले. एक क्षण मला नाही म्हणावंसं वाटलं. इथे लिहिते, कारण दुसरीकडे लिहिणार नाही. एक क्षण.
मग म्हटलं, "हो. मी सांगितलं होतं."

तरी हात सुटला नाही. सुटला तो जुईच्या आईमुळे. ती गर्दीतून वाट काढत पुढे आली, जुईच्या एक थोबाडीत दिली, मग तिला कवटाळलं, आणि तशीच, पोर काखेत धरून, निलेशसमोर जाऊन उभी राहिली. "पोर माझी हाय का तुझी? मी सांगतंय ना, सोरा त्याला. आधी सोरा."
त्याने कॉलर सोडली. स्टंपवाला आधीच गाडीकडे सरकला होता. कुणी माफी मागितली नाही. पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

धोंडिबाला पाणी दिलं. माझ्याकडे रुमाल होता तो दिला. मी माफी मागितली. तानूबाई म्हणाली, "तुमचं न्हाय चुकलं, पोरीचंबी न्हाय. पन ह्या अंगाला आता थांबायचं न्हाय." मग ती नि राणी मेंढ्या गोळा करायला लागल्या. राणीने एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "आये, काळ्या कानाची न्हाय."
सगळ्यांनी शोधली. जुईच्या आईनेही. कंटेनरच्या कुंपणामागे सापडली.
माझा नंबर कागदावर लिहून तानूबाईला दिला. तिने कमरेच्या पिशवीत घातला. तिला वाचता येत नाही हे तेव्हा लक्षात आलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार
शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. 'पोरांना नको ते शिकवतात.' 'मंगोलिया कशाला, आपला रायगड काय कमी आहे?' लेखी खुलासा मागितलाय. टपरीवरच्या फोटोचा विषय मी काढला. अध्यक्ष म्हणाले, तो वेगळा मुद्दा.
नंतर सर ऑफिसात एकटे. "खुलाशात ते वाक्य घालू नका. सहल नेली, पोर स्वतः गेली, एवढं पुरे. तुमची नोकरीची अकरा वर्षं राहिलीत अजून." ते माझ्या भल्याचंच बोलत होते.
जुई शाळेत नाही. आईने घरी ठेवलीय.

१२ जानेवारी, सोमवार
खुलासा दिला. वाक्य घातलं. 'घर उठतं कसं ते मलाही बघायचंय, कुणी बघितलं तर मला सांगा, असे मी वर्गात म्हटले होते.' शुद्धलेखन तपासलं आणि सही केली. सरांनी वाचलं, शिक्का मारला.
यांना सांगितलं. म्हणाले, "बदली केली तर कुठे टाकतील?" मग स्वतःच, "काशीद-मुरुडकडे टाकली तर बरं, मासे ताजे." एवढंच. बरं वाटलं.

१४ जानेवारी, बुधवार
जुई आली. आई सोडायला आली होती. दारात थांबली, जायला तयार नाही. म्हणाली, "बाई, हिला प्रश्न इचारू नको म्हणून सांगा जरा." मग लगेच, "नाय, राहू दे."
जुई मधल्या सुट्टीपर्यंत खाली मान घालून. मग उठून माझ्या टेबलाशी आली. "बाई, बघितलं मी. सांगू?"
मी म्हटलं सांग. तिने सांगितलं, मी लिहून घेतलं. शब्द तिचेच:

आधी कोंबड्या धरतात, कारण नंतर सापडत नाहीत. मग कोकरं मोजत नाहीत, बघतात. अंथरुणं गुंडाळतात. भांडी पिशवीत, मोठ्यात छोटं. जाळं सगळ्यात शेवटी, नाहीतर मेंढ्या पळतील. चुलीचे दगड नेत नाहीत, ते तिथलेच असतात. चुलीवर पाणी ओततात आणि काकू पाया पडते. घोड्याला आधी गूळ देतात मग ओझं. राणी घोड्यावर बसत नाही, चालते, पण मला बसवलं कारण मी पाहुणी. मला वाटलं होतं वाईट वाटत असेल. विचारलं. काकू म्हणाली, इथलं गवत संपलं, वाईट कशाला वाटायचं.

मग जुईने विचारलं, "त्या काकांना माझ्यामुळं मारलं ना?"
तुझ्यामुळे नाही, एवढंच म्हणून सोडणं सोपं होतं. मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही, ग्रुपवरच्या खोट्यामुळे. पण तू न सांगता गेलीस ते चूक. आणि मी विचार न करता बोलले ते चूक." तिने मान हलवली. हिशेब पटलेला दिसला.

२१ जानेवारी, बुधवार
शनिवारी प्रदर्शन. गेर उभं राहतंय. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या, वर जुन्या गोण्या शिवून. गोल काही होत नाही, अंड्यासारखं होतंय. सरांनी स्वतः दोऱ्या बांधल्या. दोऱ्या बांधता बांधता म्हणाले, "त्या मेंढपाळांचं काही ठेवू नका बाई, नुसता मंगोलिया. उगीच वाढेल." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. घरी येऊन जुईचा कागद मोठ्या अक्षरांत उतरवला. कुठल्या देशाचा ते वर लिहिलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार
प्रदर्शन झालं. नेपाळवाल्यांचं घर देखणं. पहिला नंबर त्यांना, रास्त आहे. आपलं गेर साडेअकराला एका बाजूला कलंडलं, पोरांनी धावत जाऊन परत उभं केलं. तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी झाली.

जुई दारात उभी राहून सांगत होती. अर्धं मंगोलियाचं, अर्धं शाळेमागच्या शेतातलं. कुठे एक संपतं, दुसरं सुरू होतं ते तिलाच कळत नसावं. सर माझ्या शेजारी उभे. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनीही तिला थांबवलं नाही.

बाराच्या सुमाराला निलेश आला. कडेवर चार वर्षांची मुलगी. जुईने त्याला ओळखलं, बोलायची थांबली. मी पुढे होणार तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली, पण आवाज बारीक. निलेश कागद वाचत उभा राहिला. वरपासून खालपर्यंत. मुलगी विचारत होती, "बाबा, कोंबडी कुठे गेली?" जाताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तो माणूस... बरा आहे ना?"
मी म्हटलं, मला माहीत नाही.
खरंच माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी अनोळखी नंबर. मागे मेंढ्यांचा आवाज, म्हणून उचलल्याबरोबर कळलं. तानूबाई. पेणच्या बाजूला आहेत. एका दुकानदाराकडून नंबर लावून घेतला.
धोंडिबा बरा आहे. ओठ भरला. काळ्या कानाची व्याली, दोन झाली. मग, "बाई, पोरगी ऐकंना. शाळेत बसती म्हनती. रोज म्हनती."
मी म्हटलं, आनंदाची गोष्ट आहे.
"वसतिगृहात न्हाय घालनार मी. ती बी न्हाय जानार. मग कुठं बसवू सांगा."
मी सांगितलं, तळाजवळ जी शाळा असेल तिथे सरळ जायचं. नाव घालता येतं, कागद नसले तरी. तळ हलला की पुढच्या गावात परत. मी नियम सांगत होते आणि सांगता सांगता मला आमचंच ऑफिस दिसत होतं. बसू दे नुसती.
"बसू देतील?"
देतील म्हणवेना. म्हटलं, "नाही दिलं तर तिथूनच मला फोन लावा. मास्तरांच्या हातात द्या फोन. मी बोलते."
"बरं," म्हणाली. फोन बंद.

वर्गात सांगितलं. जुई लगेच, "बाई, मग दर गावात तिला नवीन वर्ग? मग पाढे कितीपर्यंत झाले ते पुढच्या बाईंना कोण सांगनार?"
भिंतीवरच्या कागदावर जागा उरलेली नाही. मागच्या बाजूला लिहिलं.
रात्रीचं जेवण झाल्यावर एक वही घेतली. पहिल्या पानावर राणीचं नाव, आणि तिला काय काय येतं ते लिहायला लागले. ती ज्या शाळेत जाईल तिथल्या बाईंनी पुढे लिहायचं. पत्ता कुठला घालायचा ते सुचलं नाही. पाठवायची कुठे तेही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
खुलाशाचं अजून काही आलं नाही.
तानूबाईचा फोनही नाही. चार दिवस झाले. म्हणजे बसू दिलं असेल. किंवा दुकान लांब असेल. किंवा कुणीतरी दारातूनच परत पाठवलं असेल आणि ती फोन लावायचा तरी कशाला म्हणून मेंढ्यांमागे निघून गेली असेल. दुकानदाराचा नंबर दोनदा लावला, उचलत नाही.
उद्या शाळेत गेले की जुई दारातच विचारणार.